राखीव नस

मी माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाही, हातावरून ओळखते. परवा वरोऱ्याच्या बसस्टँडवर एक उंचापुरा गृहस्थ समोर येऊन उभा राहिला आणि ओळखलं काय म्हणून हसायला लागला. मी म्हटलं, बाही वर कर. त्यानं भर स्टँडवर बाही सरकवली. मी कोपराखाली दोन बोटं फिरवली आणि सांगितलं, तू टायफॉइडवाला, खिडकीजवळची खाट, तुझी नस सशासारखी पळायची आणि तुझी बायको मला पाहून तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायची. बसमध्ये चढणारी माणसं थांबली. कंडक्टर घंटी मारायचा विसरला. दोन बायांनी तर लगेच आपापल्या बाह्या वर केल्या, जणू मी भविष्य सांगायला बसले होते.

चेहरा काय, मिशी येते, जाते, गाल बसतात. नस मात्र आपली वाट सोडत नाही. आणि सोडलीच तर समजावं, की कुणीतरी सुई घेऊन तिच्या मागे लागलं होतं.

तेहतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. मेश्रामबाई म्हणायचे सगळे. माहेर भद्रावतीचं, बाप कोळशाच्या खाणीत, घराण्यात पांढरा गणवेश घालणारी मी पहिली. बदल्यांची यादी सांगत नाही. ती कुणी वाचणार नाही, लिहून झाल्यावर मीही वाचणार नाही. एवढंच सांगते, की यातली बरीच वर्षं अहेरीच्या बाजूच्या एका तीस खाटांच्या रुग्णालयात गेली, आणि मी जितके हात टोचले तितकी सागाची झाडं त्या सगळ्या जंगलात नसतील. असतील तर वनखात्यानं मोजून दाखवावीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नस म्हणजे रबरी नळी. टोचली, काढली, झालं. तसं असतं तर मी सायकलचं दुकान टाकलं असतं. नस म्हणजे धानाच्या बांधीत पाणी नेणारा मातीचा पाट आहे. त्याचा काठ एकदा फोडला तर तो भरून येतो. पण रोज त्याच जागी फोडला तर भरलेली माती घट्ट होत जाते, आतून गाळ धरतो, पाट अरुंद होतो आणि एक दिवस पाणी काठावरून शेतात फुटतं. हातात हेच होतं. सुईचं प्रत्येक छिद्र शरीर बुजवतं, पण बुजवताना तिथं निबर कातडं करून ठेवतं. वरून औषधं. काही औषधं गरीब असतात, काही आतून भाजत जातात. मग नस लाल होते, दुखते, हाताला लागते ती सुतळीसारखी. सुतळीत सुई जात नाही. गेली तर सलाईन नसेत न राहता मांसात उतरतं आणि हात फुगून भाकरीसारखा होतो. त्याला आम्ही वॉर्डात म्हणायचो, नस आऊट झाली. क्रिकेटमध्ये आऊट झालेला पुढच्या सामन्यात येतो. ही बहुतेक वेळा येत नाही.

आणि आमच्या भागात नसा आऊट कशानं होतात? रोगानं कमी, हौसेनं जास्त. धानाची रोवणी लागायच्या आधी माणसं बैलाला पेंड घालावी तशी स्वतःला सलाईनची बाटली लावून घ्यायला यायची. ताप नाही, उलटी नाही, काही नाही. "बाई, कमजोरी वाटून राह्यली, एक बाटली लावून द्या ना." त्यातही पिवळी बाटली हवी. पांढरी म्हणजे नुसतं पाणी, पिवळी म्हणजे ताकद, असा सगळ्या पंचक्रोशीचा शोध. आत जीवनसत्त्वाचं एक इंजेक्शन फोडून टाकलं की पाणी पिवळं होतं, एवढीच त्या ताकदीची जादू. मी नाही म्हटलं की माणसं गावात फटफटीवरून फिरणाऱ्या झोलाछाप डॉक्टरकडे जायची. तो पदवीशिवाय सगळं द्यायचा. मोहाच्या फांदीला बाटली अडकवून तो एका झाडाखाली चार माणसं लावायचा. मी स्वतः पाहिलं आहे. पाचवं माणूस फांदी रिकामी व्हायची वाट पाहत बिडी ओढत होतं.

या बाटल्यांचा बादशहा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकातला एक राजा. खराच राजाचं काम करायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव प्रयोग, आणि प्रत्येक आठवड्याला एक पिवळी बाटली, आवाज खुलतो म्हणून. सहा हंगाम असे गेले. सातव्यात त्याला खरोखरची हगवण लागली, डोळे खोल गेले, आणि दोन्ही हातांत मिळून एक नस सापडेना. मी त्याला म्हटलं, महाराज, तुमच्या राज्यात एकही रस्ता शिल्लक नाही. त्या अवस्थेतही तो रंगमंचावरच्या आवाजात म्हणाला, प्रधानाला बोलवा. मग मीच प्रधान झाले. चमचा घेऊन बसले आणि मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं चार तास त्याच्या तोंडात घातलं. राजा वाचला. तोंड हाही एक रस्ता आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. पुढच्या प्रयोगात त्यानं एका दृश्यात हे वाक्य माझ्या नावानिशी घुसडलं म्हणतात. मी पाहायला गेले नाही, पण टाळ्या पडल्या असणारच.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. फुलमतीचं नेता येत नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा आठ वर्षांची होती. आई मैनाबाईनं पाठीवर आणली, बाप लालसूभाऊ मागून पाण्याचा डबा घेऊन. पोर हाडं दुखतात म्हणून विव्हळत होती. मी तिच्या बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत निळे-काळे डाग, आणि आत सुतळ्या. तीन वर्षं दर तापाला त्या फटफटीवाल्यानं बाटली लावली होती. रक्त तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. आम्ही तपासलं. सिकलसेल निघाला.

या रोगात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक जागी अडकून बसतात, मग हाडं पेटल्यासारखी दुखतात. अंगात पाणी भरपूर असलं तर त्या सरकत राहतात. म्हणून जोराचा झटका आला की सलाईन लागतंच. कधी रक्त लागतं. म्हणजे बघा, ज्यांना बाटलीची गरज नव्हती ते हौसेनं लावून घेत होते, आणि जिला जन्मभर लागणार होती तिचे रस्ते आठव्या वर्षीच संपले होते.

त्या दिवशी मी तिला अकरा वेळा टोचलं. कागदावर चार लिहिलं आहे. कागद मीच लिहिला होता. शेवटी पायावरच्या एका बारीक नसेत सगळ्यात लहान, पिवळ्या टोपणाची सुई बसली. पण शोधताना डाव्या हातावर, कोपराच्या चार बोटं खाली, अंगठ्याच्या बाजूला माझ्या बोटांना एक नस लागली होती. खोल होती म्हणून फटफटीवाल्याला दिसली नव्हती. मऊ, सरळ, दाबली की उसळणारी, नव्या ट्यूबसारखी. अख्ख्या पोरीत तेवढी एकच. मी तिला सुई लावली नाही. मैनाबाईला आणि लालसूभाऊला जवळ बोलावून सांगितलं, ही नस आजपासून राखीव.

लालसूभाऊ तेंदूपत्ता तोडणारा माणूस, त्याला हा शब्द चांगलाच माहीत. तो हसला. "बाई, आमच्या गावाभवती जंगल बी राखीवच हाये. आमी गेलो त गुन्हा, ठेकेदार गेला त रस्ता. हे राखीव कोनासाठी?"

मी म्हटलं, तिच्याचसाठी. एक दिवस असा येईल की जीव वाचवायला घाईनं रक्त चढवावं लागेल. त्या दिवसासाठी. तोवर ठेकेदारही नाही आणि साहेबही नाही.

मग माझी शाळा सुरू झाली. गळ्यात पाण्याची बाटली अडकवायची आणि दिवसभर पीत राहायचं. आश्रमशाळेच्या बाईंनी तक्रार केली, की पोर सारखी लघवीला जाते. मी सुट्टीच्या दिवशी तिथं जाऊन त्यांना सांगितलं, की ती लघवीला गेली नाही तर माझ्याकडे येते, आणि माझ्याकडे आली तर मी तुमच्याकडे येते. त्यानंतर तक्रार आली नाही. सुई लावायच्या आधी गरम फडक्यानं हात शेकायचा, थापडा मारायच्या नाहीत. पंजापासून सुरुवात करून वर सरकायचं, वरून खाली नाही. एका नर्सनं दोनदाच प्रयत्न करायचा, मग दुसरीनं. जळजळ झाली की लगेच सांगायचं, लाजायचं नाही. सुई काढल्यावर कोपर न दुमडता बोटानं दाबून धरायचं. एवढ्या नेमानं वागलो तेव्हा दोन-तीन जुन्या नसा वर्ष-दीड वर्षात थोड्या थोड्या परत आल्या. सगळ्या येत नाहीत. पण शरीर माणसापेक्षा मोठ्या मनाचं असतं.

आणि डावा हात. मी तिला घोकून घेतलं, डॉक्टर मागो, मंत्री मागो, द्यायचा नाही. मेश्रामबाई म्हणेल तेव्हाच. नुसतं घोकून माझं समाधान होईना, म्हणून मी परीक्षा घ्यायचे. पडद्याआडून आवाज घोगरा करून म्हणायचे, ए पोरी, दाव तो डावा हात. कधी साहेबी हिंदीत. एकदा तर मेश्रामबाईच्याच आवाजात, पण जरा नाकातून. फुलमती हात पोटाखाली दाबून ओरडायची, "तुमी बाई नाई. बाई आवाज बदलवून राह्यल्या." वॉर्ड हसायचा. मी तिला पैकीच्या पैकी गुण द्यायचे.

ती चौदा वर्षांची असताना आमच्याकडे एक नवे डॉक्टर आले. हुशार माणूस, हात हलका, पण राऊंडला नेहमी घाई. फुलमतीला साधा ताप होता. त्यांनी अँटिबायोटिक शिरेतून लिहिलं, दोन्ही हात चाचपले आणि बरोबर त्या नसेवर बोट ठेवलं. म्हणाले, इथं लावा. मी म्हटलं, तिथं लागणार नाही सर, ती राखीव आहे. गोळी गिळता येते, गोळी लिहा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सिस्टर, या नसेचा सातबारा तुमच्या नावावर आहे का?"

"सातबारा तिच्या नावावर आहे, सर. मी रखवालदार."

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. वरिष्ठांचा आदेश डावलला, वगैरे. मी उत्तरात कारणं नाही, हात दाखवला. म्हणजे फुलमतीच्या दोन्ही हातांचं चित्र काढून प्रत्येक आऊट झालेल्या नसेवर फुली मारली आणि एकीवर गोल केला. खाली सही. डॉक्टरांनी गोळी लिहिली, ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ती नोटीस मी लॅमिनेट करून घेतली. आजही माझ्या स्वयंपाकघरात लटकते. लोकांच्या घरात आदर्श परिचारिका पुरस्कार असतात, माझ्याकडे हे आहे, आणि मी बदली करायला तयार नाही.

आता मुख्य गोष्ट. मी निवृत्त होऊन चार महिने झाले होते. दुपारी बारा-साडेबाराची वेळ, भद्रावतीला घरी परातीत लाखोळीची डाळ घेऊन निवडत बसले होते. फोन आला. रुखसाना. माझ्या हाताखाली तयार झालेली नर्स, सुई तिच्या हातात दिली की नस स्वतः पुढे येते असा तिचा लौकिक. तिचा आवाज ऐकून मी परात खाली ठेवली.

फुलमतीला मुलगी झाली होती. तिचं लग्न झालं होतं, ती बावीस वर्षांची झाली होती हे मला माहीत होतं, दिवस राहिलेलेही माहीत होते. तिला बाळंतपणासाठी चंद्रपूरला पाठवायचं ठरलं होतं, पण बाळाला घाई झाली. बाळ ठीक. आईचं रक्त थांबत नव्हतं. मांडीत इंजेक्शनं देऊन झाली, पोट चोळणं चालू होतं, वाहणं थोडं कमी झालं होतं, पण अंगात आधीच रक्त कमी, त्यातलं बरंचसं गेलेलं. सिकलसेलची बाळंतीण म्हणून रक्ताची पिशवी आधीच मागवून ठेवली होती. पिशवी स्टँडला लटकलेली होती. नळी कुठे जोडायची, हा प्रश्न होता. उजव्या हातावर दोघींनी प्रयत्न केले. दोन्ही पायांवर केले. डॉक्टरांनी मानेवर केला. डॉक्टर तेच, नोटीसवाले, फिरून परत आले होते, आता अधीक्षक म्हणून.

मी म्हटलं, अगं डावा हात आहे ना, हिरवी सुई घाल.

"बाई, ती देऊन नाही राह्यली. अंगाखाली दाबून धरला आहे. म्हणते, राखीव आहे, बाई म्हनतीन तवाच."

चौदा वर्षं मी ज्या दिवसासाठी ती नस राखली, तो दिवस समोर उभा होता, आणि माझंच कुलूप उघडत नव्हतं. ओढून हात काढता आला असता. पण हिरवी सुई जाड असते, झटापटीत ती एकुलती एक नस फुटली की संपलं सगळं. डॉक्टरांना हे कळत होतं म्हणून त्यांनीच फोन लावायला सांगितला होता.

मी म्हटलं, स्पीकर लाव. त्या रुग्णालयात नेटवर्क फक्त प्रसूतिगृहाच्या खिडकीत येतं, खाट तिथून आठ-दहा पावलं. रुखसानानं खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून फोन धरला. मी अशी ओरडले की भद्रावतीतली कबुतरं उडाली, फोन नसता तरी आवाज पोहोचला असता. फुलमती, मी मेश्रामबाई, हात दे.

मग लांबून, पाण्याच्या तळातून यावा तसा तिचा आवाज. "तुमी बाई नाई. बाई आवाज बदलवून परीक्षा घेते."

मी हसवलेला सगळा वॉर्ड त्या क्षणी माझ्या अंगावर आला. पडद्याआडून काढलेला प्रत्येक आवाज. आता मी खऱ्या आवाजात कितीही बोलले तरी तो तिच्यासाठी एक आवाजच होता. शपथा घातल्या असत्या तर तिनं म्हटलं असतं, परीक्षा अवघड आहे.

मग मी ओरडायचं सोडलं आणि सावकाश, शब्द सुटे करत बोलायला लागले. डोळे मिटले, परातीतल्या डाळीवर बोटं ठेवली आणि तिचा हात चाचपायला सुरुवात केली. म्हटलं, कोपराखाली चार बोटं ये. अंगठ्याच्या बाजूनं. तिथं एक तीळ आहे, त्याच्या शेजारी तू सहावीत असताना चुलीवर भाजलेला डाग. तिळापासून नस सरळ खाली येते, मग तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ लागते. ती गाठ म्हणजे आतली झडप. झडपेत सुई घालायची नाही, तिच्या वरच्या अंगाला घालायची. थंडीत ही नस रुसते, बोटानं चोळली की वर येते. सांग, हा हात कुणाला पाठ आहे?

रुखसाना नंतर म्हणाली, की फुलमतीनं डोळे उघडले, फोनकडे पाहिलं आणि अंगाखालून हात काढला. हात काढून ती जे बोलली ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"रुखसानाताई, आदी फडका गरम करा. थापडा मारू नोका."

रक्त जातंय आणि ही पोर फडका मागते. फडका गरम केला. सुई पहिल्या प्रयत्नात गेली. त्यानंतर फोन कटला आणि मी तासभर निवडलेली आणि न निवडलेली डाळ एकत्र करत बसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. दोन पिशव्या चढल्या होत्या, ओठांवर रंग येत होता. डॉक्टर दारातच भेटले. त्यांनी नोटीस परत मागितली, म्हणाले, फाडून टाकतो. मी म्हटलं, सर, ती माझी मिळकत आहे, सरकार जमा होणार नाही. ते हसले. मग म्हणाले, तुमच्या हट्टानं ती वाचली, सिस्टर. मी लगेच मान डोलावली, स्तुती मी कधी वाया घालवत नाही. पण खरं ते मला माहीत होतं. माझ्या हट्टानं ती वाचली आणि माझ्याच हट्टानं मरायला टेकली होती. सातबारा तिच्या नावावर आहे असं मी ऐटीत सांगितलं होतं आणि किल्ली चौदा वर्षं माझ्या कमरेला ठेवली होती. मेश्रामबाई म्हणेल तेव्हाच. हे तेव्हाच मी कुणाला विचारून ठरवलं होतं? मी बसमधून पडले असते तर? फोन लागला नसता तर?

नस राखली याचा मला पश्चात्ताप नाही, उद्या कुणी पुन्हा नोटीस दिली तर तिच्या शेजारी लावायला खिळा मारून ठेवला आहे. पिवळी बाटली मागणाऱ्याला मी आजही स्टँडवर, लग्नात, मयतीत, कुठंही हाकलते. फक्त मेश्रामबाई म्हणेल तेव्हाच, हे एक वाक्य मी परत घेते.

फुलमतीनं डावा हात पुढे केला. निळा पडला होता, सुजलेला. "बाई, आता राखीव नाई राह्यली ना?" मी दोन बोटं फिरवली. नस दुखावली होती, पण मऊ होती. म्हटलं, दोन महिने कुणाला हात लावू देऊ नको, परत येईल. आणि यापुढं कधी उघडायची ते तू ठरव. मला विचारू नको. तिनं मान हलवली, पण नीट ऐकलं की नाही कळेना.

बाजूला बाळ झोपलं होतं. मूठ फडक्याबाहेर आलेली, मनगट माझ्या करंगळीएवढं. त्याचंही रक्त तपासायचं होतं, टाचेतून एक थेंब, पण मला आधी हात पाहायचा होता. सवयच ती. मी दोन बोटं पुढे केली.

फुलमतीनं बाळाची मूठ फडक्यात सारली आणि वर आपला सुजलेला हात ठेवला.

"आदी इचारा, बाई."

तेहतीस वर्षांत इतके हात धरले, एकालाही विचारलं नव्हतं. मी बोटं मागे घेतली. स्टूल ओढून खाली बसले आणि बाळाच्या आईला विचारलं.